उन्हाविना येणारा ताम्रवर्ण

आपल्या अंगकांतीविषयी पूर्ण समाधानी असलेला मनुष्य विरळाच. आपल्याकडे मुलीच्या वर्णाची चर्चा तिच्या बारशापासून सुरू होते. दुधाची साय, डाळीचे पीठ, आंबेहळद यांचा उपयोग करून तो वर्ण एखाद्या छटेने तरी उजळावा म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या झटत आल्या आहेत. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या भूभागांतील गोऱ्या लोकांची तऱ्हा मात्र नेमकी उलटी. आपली पांढुरकी कातडी तांबूस-सावळी व्हावी म्हणून ते समुद्रकाठच्या वाळूत तासन्‌तास उघड्या अंगाने पडून राहतात. ऊन न घेताच हा वर्ण देणारी मलमे, द्रावणे आणि फवारे यांचाही तिकडे मोठा व्यापार चालतो, आणि अशा पुष्कळ बाटल्यांवर ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. हा वर्ण येतो कसा, त्यात वनस्पतीचा वाटा किती आणि त्या एका शब्दावर ग्राहकाने किती विसंबावे, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. तो आरोग्याचा, क्वचित्‌ प्राणाचाही आहे.

युरोपातही पूर्वी गोरेपणाचीच महती होती. शेतात राबणारा मनुष्य उन्हाने रापे आणि वाड्यात बसणारा गोरा राही. म्हणून गोरी कांती ही सुखवस्तूपणाची खूण ठरली. पुढे कारखान्यांचे युग आले. कष्टकरी वर्ग छपराखाली गेला आणि त्याची कातडी निस्तेज झाली. उलट समुद्रकाठी रजा घालविणे ज्याला परवडे, तो रापून घरी परते. याच सुमारास सूर्यप्रकाशाच्या औषधी गुणांचा बोलबाला झाला. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणारे डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२० नंतरच्या दशकात तर रापलेली कांती ही तेथील फॅशनच होऊन बसली. जी खूण कष्टाची होती, ती चैनीची झाली.

परंतु रापणे म्हणजे काय? सूर्याच्या अतिनील किरणांनी कातडीतील जिवंत पेशींना, विशेषतः त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचते. ती इजा आणखी वाढू नये म्हणून शरीर मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करते आणि पेशींच्या केंद्रावर त्याची जणू छत्री धरते. म्हणजे राप हे आरोग्याचे तेज नसून झालेल्या इजेची ती पावती होय. ही इजा वर्षानुवर्षे साचत गेली, तर कातडीला अकाली सुरकुत्या पडतात आणि कर्करोगाचाही संभव वाढतो. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी निदान दोघांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो, असे तेथील कर्करोग-निवारक संस्था सांगतात. घरात बसून रापण्यासाठी निघालेल्या अतिनील दिव्यांच्या पलंगांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली निश्चित कर्करोगकारक गोष्टींच्या वर्गात घातले. त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी घातली आणि पुढे ऑस्ट्रेलियातील राज्यांनीही त्यांचा धंदा बंद केला.

ऊन न घेता रंग मिळविण्याची कल्पना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. कल्पना मात्र जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात पायमोजे मिळेनासे झाले, तेव्हा तेथील कित्येक स्त्रियांनी चहाच्या पाण्याने आपले पाय रंगविले. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रस तर त्याहून पक्का. काश्मीरात अक्रोड सोलणाऱ्या मजुरांचे हात हंगामात काळेभोर होतात आणि तो डाग साबणाने धुतला जात नाही. या सालीत जुग्लोन नावाचे द्रव्य असते. मेंदीच्या पानांतील लॉसोन हे त्याचे सख्खे भावंड होय. दोहोंतील अणू तेच आणि तेवढेच. फक्त एका जोडाची जागा निराळी. मेंदी भरलेला हात दुसऱ्या दिवशी लालभडक का होतो आणि आठ-पंधरा दिवसांत तो रंग का उतरतो, हे आपल्याकडे कोणा स्त्रीला सांगावयास नको. कातडीच्या अगदी वरच्या थरातील मृत पेशींना रंग चिकटतो आणि त्या पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर तो निघून जातो.

तथापि आजच्या ताम्रवर्णी मलमांचा मुख्य आधार चहा नाही, अक्रोड नाही आणि मेंदीही नाही. तो आहे डायहायड्रॉक्सीॲसिटोन नावाची अगदी साधी शर्करा. या लांबलचक नावाऐवजी ‘डीएचए’ अशी आद्याक्षरेच रूढ आहेत. तिच्या या गुणाचा उलगडा योगायोगाने झाला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात ईव्हा विट्‌गेन्श्टाइन या संशोधिका, शरीरातील साखरेच्या साठ्याचा जन्मजात विकार असलेल्या मुलांना ही शर्करा पोटात देऊन पाहत होत्या. मुलांच्या तोंडातून ती कधी अंगावर सांडे. जेथे सांडे तेथील कातडी काही तासांनी तपकिरी होई; कपड्यांवर मात्र डाग पडत नसे. विट्‌गेन्श्टाइन यांनी मग तिचे द्रावण स्वतःच्या कातडीवर लावून तोच परिणाम पुन्हा पुन्हा पडताळून पाहिला. १९६० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी असे द्रावण अमेरिकेच्या बाजारात विक्रीसही आले.

हा रंग येण्याची क्रिया आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. तव्यावरच्या भाकरीला खरपूस डाग पडतात, पाव भाजताना त्याची पाठ तांबूस होते, ती शर्करा आणि प्रथिने यांच्या संयोगामुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. भाकरीला विस्तवाची धग लागते. डीएचए इतके तत्पर असते की त्याला अंगाची ऊबच पुरते. कातडीच्या वरच्या मृत थरातील प्रथिनांशी ते संयोग पावते. दोन-चार तासांत रंग दिसू लागतो, दिवसभरात गडद होतो आणि सुमारे आठवड्याभरात त्या पेशी झडल्या की उतरतो. कोपर व गुडघे येथे मृत थर जाड असल्यामुळे तेथे रंग अधिक चढतो, आणि मलम लावून हात न धुणाऱ्याचे तळवेही तपकिरी होतात. खऱ्या रापण्यात तळव्यांचा रंग सहसा पालटत नाही. तेव्हा हा रंग बाटलीतला आहे, हे तळवेच सांगून टाकतात.

आता ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाकडे वळू. डीएचए तयार करतात ते ग्लिसरीनपासून. नारळ, ताड, मोहरी अशा तेलांपासून साबण बनविताना ग्लिसरीन सुटे होते. ते ग्लुकोनोबॅक्टर नावाच्या जीवाणूंना खाऊ घातले म्हणजे ते त्याचे डीएचए करून देतात. जीवाणूंची ही करामत गाब्रिएल बर्त्रां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिली होती. गोव्यात माडाची सूर आंबून तिचे व्हिनेगर होते, ते ज्या जीवाणूंमुळे, त्यांच्याच कुळातले हे जीवाणू. परंतु ग्लिसरीन प्राण्यांच्या चरबीपासूनही निघते आणि खनिज तेलापासूनही बनविता येते. कोणत्याही मार्गाने आले तरी शेवटी हाती येणारे शुद्ध डीएचए एकच. त्याच्या रेणूवर नारळाची खूण नसते आणि तेलविहिरीचीही नसते. म्हणजे ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द द्रव्याचे माहेर सांगतो, त्याचा स्वभाव सांगत नाही. प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या ग्राहकाला त्या माहितीचे मोल आहेच. पण त्यावरून निर्धोकपणाचे अनुमान काढता येत नाही.

हे अनुमान किती फसवे ठरते, याचा पुरावा दूर शोधावयास नको. बिब्बा हा शुद्ध वनस्पतिजन्य पदार्थ. परीट त्याने कपड्यांवर कायमची खूण करीत. पण त्याचे तेल अंगावर उतले की फोड कसे उठतात, हे जुन्या घरांतून सर्वांना ठाऊक असे. कँथाझँथिन नावाचे रंगद्रव्य खाण्याजोग्या अळंबीतही सापडते आणि खाद्यपदार्थांना रंग देण्यासाठी अल्प प्रमाणात वापरलेही जाते. परंतु कातडीला रंग यावा म्हणून त्याच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावर त्याचे स्फटिक साचलेले आढळले. ‘काळी मेंदी’ म्हणून जी विकली जाते, तिच्यात तर पुष्कळदा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. नाव मेंदीचे असले तरी त्याने कातडीवर फोड येऊन कायमचे वण राहिल्याची उदाहरणे आहेत.

मग डीएचए घातक आहे काय? कातडीवर बाहेरून योग्य प्रमाणात लावले असता त्याचा इतिहास बराच निर्वेध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९७०च्या दशकात बाह्य उपयोगाचा रंग म्हणून मान्यता दिली. युरोपीय संघाने २०२१ साली अशा मलमांत त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम केला. मात्र अमेरिकेची मान्यता बाहेरून लावण्यापुरतीच आहे. ओठ, डोळ्यांचा परिसर आणि नाकातोंडाची आतली त्वचा तिच्यात येत नाही. यास्तव ज्या दुकानांतून सर्वांगावर फवारा मारतात, तेथे डोळे, ओठ व नाक झाकून घेणे आणि फवारा श्वासावाटे आत न ओढणे अगत्याचे ठरते. बाटलीत डीएचएखेरीज सुगंधी तेले व अर्कही असतात आणि काहींना त्यांचेच वावडे असते. म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून दिवसभर वाट पाहावी, हा मेंदी-कलपाचा जुना नियम येथेही लागू पडतो.

खरा धोका डीएचएत नसून त्याच्याविषयीच्या गैरसमजात आहे. आरशात सावळी झालेली कातडी पाहून मनुष्याला वाटते की आपण आता उन्हाला सरावलो. वस्तुतः मेलॅनिनची छत्री तेथे उघडलेलीच नसते. बाटलीतला रंग मृत पेशींच्या थरावरचा केवळ लेप. उन्हापासून त्याने मिळणारे संरक्षण नगण्य. त्याखालच्या जिवंत पेशी पूर्वीइतक्याच उघड्या राहतात. म्हणूनच ज्या अशा द्रव्यांत सूर्यरोधक औषध मिसळलेले नसते, त्यांच्यावर तशी स्पष्ट सूचना छापण्याचे बंधन अमेरिकेत घातले गेले आहे. ज्याला हा वर्ण हवाच आहे, त्याने ऊन खाण्यापेक्षा किंवा दिव्यांच्या पलंगावर निजण्यापेक्षा बाटली पत्करणे निःसंशय बरे. मात्र बाटलीतला वर्ण ल्याल्यावरही टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, भर दुपारची सावली आणि सूर्यरोधक मलम यांना रजा देता येत नाही. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून चाललेल्या प्रसिद्ध लोकशिक्षणाचा भर याच साध्या गोष्टींवर आहे.

ज्यांना निसर्गाने सावळा वर्ण दिला आहे, त्यांनाही येथे घेण्याजोगे काही आहे. गोरा मनुष्य जो रंग बाटलीतून विकत घेतो, तो रंगच फक्त त्याच्या पदरात पडतो. सावळ्या कातडीत त्या रंगाबरोबर त्याचे कामही जन्मतः येते, आणि त्वचेचा कर्करोग तिला बराच कमी होतो; अजिबात होत नाही असे नव्हे. हे मेलॅनिन खरवडून काढण्यासाठी पारा किंवा तीव्र औषधे मिसळलेली मलमे चेहऱ्यास चोळणे म्हणजे शरीराने धरलेली छत्री आपल्याच हाताने मिटणे होय. मलम काळे करणारे असो की गोरे करणारे, दुकानात बाटली हातात घेतल्यावर ‘हे कशापासून केले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हे कातडीच्या कोणत्या थरावर काय करते आणि काय करीत नाही?’ हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेष्टनावरील पानाफुलांच्या चित्रात नसते. ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत शोधावे, आणि तेथेही सापडले नाही तर बाटली दुकानातच ठेवून यावे.