हरवलेला अंक शोधणारी चिठ्ठी

वहीचे एक पान हरवले, तर त्यावरचा मजकूर उरलेल्या पानांवरून पुन्हा लिहून काढता येईल का? नाही, असेच तुम्ही म्हणाल. संगणकावर मात्र हे साधता येते, आणि त्यामागचे गणित सम-विषम संख्यांइतके सोपे आहे.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. त्यांवर सारी माहिती ० आणि १ या दोन अंकांत लिहिलेली असते. असे यंत्र कधीतरी बिघडणारच. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या संगणकाची डिस्क एका सकाळी बंद पडली. विद्यार्थ्यांनी दोन महिने खपून घेतलेली लंबकाची निरीक्षणे तिच्याबरोबर गेली. ती सारी पुन्हा घ्यावी लागली!

यावर उपाय काय? १९८८ साली अमेरिकेत बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या, महाग डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्कचा संच वापरावा, असे त्यांनी सुचवले. पण डिस्क जितक्या अधिक, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यताही अधिक. म्हणून संचात थोडी जादा माहिती ठेवायची. अशा संचाला 'रेड' म्हणतात.

ही जादा माहिती कोणती, ते चार चिठ्ठ्या घेऊन पाहू या. तीन चिठ्ठ्यांवर मनाला येतील ते अंक लिहा:

पहिली : १ ० १ १
दुसरी : ० १ १ ०
तिसरी : ० १ ० ०

आता चौथीवर असे अंक लिहा, की प्रत्येक उभ्या रांगेत १ची संख्या सम होईल:

चौथी : १ ० ० १

मित्राला कोणतीही एक चिठ्ठी लपवायला सांगा. समजा, त्याने दुसरी लपवली. उरलेल्या तिन्हींत पहिल्या रांगेत १ दोनदा येतो. म्हणजे हरवलेला अंक ०. दुसऱ्या रांगेत तो एकदाच येतो. म्हणजे हरवलेला अंक १. याच रीतीने ० १ १ ० हे सगळे अंक परत मिळतील.

घरच्या संगणकावर यासाठी निराळे यंत्र लागत नाही. लिनक्स या विनामूल्य प्रणालीत ही सोय आहे. 'रेड-५' या प्रकारात सारख्या क्षमतेच्या निदान तीन डिस्क लागतात. चार जोडल्या, तर तिघींइतकी जागा वापरता येते. एकीइतकी जागा जादा अंकांना लागते. हे अंक एकाच डिस्कवर न ठेवता सर्वांवर पाळीपाळीने विखुरलेले असतात. संच बांधताना डिस्कवरील जुनी माहिती पुसली जाते. म्हणून तिची प्रत आधीच काढून ठेवावी. मी माझ्या संचातली एक डिस्क मुद्दाम बाद ठरवून पाहिली. निरीक्षणांची फाईल बिनतक्रार उघडली!

पण एक सावधगिरी हवी. तुम्ही चुकून फाईल पुसलीत, तर संचही ती इमाने इतबारे पुसून टाकतो. चोरी आणि आग यांपुढेही त्याचा इलाज नाही. म्हणून महत्त्वाच्या माहितीची एक प्रत वेगळ्या जागी ठेवायलाच हवी.

आता मित्राला दोन चिठ्ठ्या लपवायला सांगा. त्या ओळखता येतील का? एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या निघतात का, याचा विचार करा, म्हणजे उत्तर सापडेल.