टेबल उलटं करून पाहा

फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाईक टेबलाच्या वरून हात फिरवतं; सुतार तेच टेबल आधी उलटं करतो. मुंबईतल्या सुतारकामाच्या छोट्या गाळ्यात थोडा वेळ थांबलं की हा फरक नजरेत भरतो. सागाच्या भुशाचा कोरडा वास आणि त्यावर चढलेला पॉलिशचा उग्र दर्प यांत मापणं, कापणं, रंधा मारणं, गुण्या लावून काटकोन तपासणं भराभर उरकतं. वेळ जातो तो शेवटच्या कामात. तयार सांगाडा जमिनीवर ठेवून कारागीर एकेका कोपऱ्यावर तळहात दाबतो आणि टेबल डुगडुगतं का ते पाहतो. डुगडुगलं की पाय तासायचा आणि पुन्हा तळहात टेकवायचा. विकत घेणाऱ्याच्या नजरेला न पडणारी ही तपासणीच लहान घरासाठी टेबल निवडण्याची खरी कसोटी आहे. अडचणीच्या जागेत टेबल त्याच्या पायांवरून निवडावं. वरच्या फळीचा विचार त्यानंतर करावा.

लहान घर म्हणजे किती लहान? मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं. १६० चौरस फुटांची खोली १६ फूट लांब, १० फूट रुंद धरू. सहा बाय चारचा दिवाण २४ चौरस फूट घेतो. अडीच फुटांचं दार आत उघडत असेल तर ते उघडण्याफिरण्यातच सुमारे ५ चौरस फूट अडतात आणि तिथे काहीच ठेवता येत नाही. अशा खोलीत चार बाय दोनचा टीपॉय आणला की ८ चौरस फूट, म्हणजे खोलीचा विसावा हिस्सा गेला. १८ बाय १६ इंचांचं बाजूचं टेबल फक्त २ चौरस फुटांत बसतं. घराचा दर चौरस फुटाला २५ हजार रुपये धरला, तर टीपॉयखाली २ लाखांची जमीन अडकते आणि छोट्या टेबलाखाली ५० हजारांची. पण सुतार हा हिशोब रुपयांत मांडत नाही. ‘चालायला दोन फूट सोडा’ एवढंच तो सांगतो, आणि त्यात सगळं येतं. दहा फुटांच्या रुंदीतून दिवाणाचे चार आणि समोरच्या कपाटाचे दोन फूट वजा केले की चार फूट उरतात. मधोमध दोन फुटी टीपॉय ठेवला तर दोन्ही बाजूंना एकेकच फूट राहतो. चालायचे दोन फूट तुटतात आणि घरातल्या प्रत्येकाला दिवसभर आडवं होऊन सरकावं लागतं. तेच टेबल दिवाणाच्या उशाशी गेलं, तर वाट तशीच मोकळी राहते.

जागा ठरली की प्रश्न पायांचा. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, त्यावर पावसाळ्याचे चार महिने दमट हवा. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाचा पाय जमिनीला टेकलेला असेल, तर त्याच्या कापलेल्या कडेतून पाणी वर चढतं, बोर्ड फुगतो आणि फुगलेला बोर्ड परत पहिल्यासारखा होत नाही. टेबलाला मरण येतं ते असं खालून. वरचा सनमायका तोवर चकचकीतच असतो. म्हणून पाय लोखंडी किंवा अस्सल लाकडाचे हवेत आणि त्यांखाली रबरी बुशं हवीत. पायांची संख्याही महत्त्वाची आहे. तीन पायांचं टेबल जुन्या, उंचसखल शहाबादी फरशीवरही डुगडुगत नाही, कारण तिन्ही टोकं नेहमी एकाच वेळी टेकतात. पण ते कलंडतं लवकर. गोल टेबलाचे पाय मध्यापासून नऊ इंचांवर धरले, तर दोन पायांच्या मधल्या बाजूला तीन पायांचं टेबल मध्यापासून साडेचार इंचांपर्यंतचाच भार सुरक्षित पेलतं. चार पायांचं साधारण सव्वासहा इंचांपर्यंत पेलतं. त्याच्या पुढे भार टाकला की स्वतःच्या वजनाच्या जोरावर ते जेवढं तग धरेल तेवढंच. म्हणून चार पाय घ्यावेत आणि फरशी वाकडी असेल तर फिरवून उंची कमीजास्त करता येणारी बुशं लावून घ्यावीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामानाचा. लहान घरात ठेवायलाच जागा नसते, मग खणांचं, दाराचं टेबल का घेऊ नये? आक्षेप रास्त आहे, पण उपाय चुकीच्या जागी शोधला जातो. खणांचं खोकं जमिनीला टेकतं, त्याखालून केरसुणी फिरत नाही, आणि सामान भरल्यावर ते एकट्याने हलवता येत नाही. सामानाची जागा पोटमाळ्यावर, दिवाणाच्या पोटात किंवा भिंतीवरच्या फळीवर. टेबलाला मध्ये एक पातळ फळी असली की वर्तमानपत्र आणि चष्मा यांची सोय होते. दुसरा आक्षेप घडीच्या टेबलाचा. घडीचं टेबल चांगलंच, पण रोज घडी घालणारं माणूस घरात असेल तरच. एरवी ते उघडंच राहतं आणि बिजागरी मात्र झिजते. भिंतीत ठोकलेलं टेबल भाड्याच्या घरात अनेकदा चालत नाही आणि ते जागचं हलतही नाही. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे: हलकं टेबल धरून उभं राहणारं मूल ते अंगावर ओढून घेईल. यासाठी वजन वाढवण्यापेक्षा पायांचा घेर वाढवावा, कोपरे गोल करावेत, टेबलावर कापड घालू नये आणि मूल रांगतं असेपर्यंत गरम चहा तिथे ठेवू नये.

हलकं, उचलून बाजूला ठेवता येणारं फर्निचर ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. जेवण झालं की पाट भिंतीला उभा करायचा आणि पूजा झाली की चौरंग उचलायचा, हीच तर घराची रीत होती. आज अनेक घरांत प्लॅस्टिकचं स्टूल बाजूच्या टेबलाचं काम करतं. त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही: ते धुता येतं, एका हाताने उचलता येतं आणि पाहुणा आला की आसन होतं. दुकानातल्या महागड्या टेबलाने निदान एवढं तरी करून दाखवावं.

तेव्हा खरेदीला जाण्याआधी दिवाणाची गादीसकट उंची मोजा. टेबल त्याच्या बरोबरीचं किंवा दोन इंच कमीजास्त चालेल. घरात जमिनीवर बसणंच जास्त असेल, तर १० ते १२ इंचांचा चौरंगच पुरे. दार पूर्ण उघडून पाहा आणि चालायला दोन फूट सोडा. दुकानात टेबल एका हाताने उचला, कोपऱ्यावर तळहात दाबा आणि ते उलटं करून पायाचा खालचा कापलेला भाग पाहा. दुकानदार उलटं करू देत नसेल, तर ते टेबल घेऊ नका.