घरचा आखाडा (भाग ५) : अंगठ्याची पकड

एक भाजलेली वीट घ्या, साधारण तीन किलोची. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा अशी वरून चिमटीत धरा आणि उचलून उभे राहा. वीस किलोची पिशवी बाजारातून सहज घरी आणणाऱ्या माणसाच्या हातूनही ती पुष्कळदा थोड्याच वेळात घसरू लागते. पिशवीचे बंद वाकवलेल्या चार बोटांवर लटकतात, अंगठ्याला तिथे जवळजवळ काहीच काम नसतं. विटेला मात्र खालून आधार नाही. चारही बोटांचा दाब अंगठ्याला एकट्याने पेलावा लागतो, आणि तो थकला की बाकीची चार कितीही दणकट असली तरी वीट पडते. म्हणून या आठवड्यात अंगठा.

आमची अवधपुरी भोपाळमध्ये, भेलच्या वसाहतीला लागून आहे. इथल्या वाचकांना पकडीचं महत्त्व सांगायला लांब जायला नको. मध्य प्रदेशाने 2013 साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, ती कुस्तीला पूरक म्हणून. एरंडेल चोळलेल्या खांबावर ढिली पकड टिकत नाही. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यातही दोरी धरतात. मला या खेळाबद्दल नितांत आदर वाटतो, कारण तिथे अंगठ्याला सुट्टी नाही. आपल्या घरच्या व्यायामात मात्र तो हमखास राहून जातो.

हाताची रचना थोडी समजून घेऊ. डावा हात उजव्या कोपराखाली ठेवा आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजवल्यासारखी हलवा. आत जी हालचाल जाणवते, ते बोटं वाकवणारे मोठे स्नायू. ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. खुद्द बोटांत असा एकही स्नायू नाही. अंगठ्याचं निराळं आहे. त्याला वाकवणारा एक लांब स्नायू वरून येतोच, पण दाबण्याचं बरंचसं काम तळव्यातले स्नायू करतात. अंगठा तर्जनीच्या कडेवर जोराने दाबा. दोघांच्या मधला मांसल भाग कडक होऊन वर येतो. स्पंजचा चेंडू किंवा स्प्रिंगचं यंत्र दाबताना भार मुख्यतः चार बोटांवर येतो, या भागाला पुरेसा ताण मिळतच नाही. माझ्या मते घरी एकच साधन करायचं असेल, तर ते चिमटीचं करावं.

साधन असं. सुताराकडून सागाचा उरलेला तुकडा आणा: चार सेंटिमीटर जाड, पंधरा लांब, आठ-दहा उंच. कडा कानसेने मारून पॉलिश पेपर फिरवा, पण वॉर्निश लावू नका, लाकूड निसरडं होतं. खालच्या कडेच्या बरोबर मध्यभागी स्क्रूचा हुक बसवा. तो तिरका बसला तर भार एका कडेला ओढतो आणि करंगळी सुटते. हुकाला दोरीने पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन टांगा. आता वजनांच्या चकत्या विकत घ्यायची गरज नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि दोनशे मिलिलिटरचा पेला म्हणजे दोनशे ग्रॅम. दुकानातल्या डंबेलचं वजन एकदम किलो-दोन किलोंनी वाढतं. अंगठ्याला ती उडी फार मोठी असते, पेल्याची वाढ झेपते.

दहा सेकंद धरता येईल एवढं पाणी घाला. बोटं सरळ, अंगठा समोर, लाकूड तळव्याला टेकू द्यायचं नाही. कॅन जमिनीपासून चार बोटं वर, खांदा सैल, श्वास चालू. प्रत्येक हाताने तीन-चार वेळा, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती. पंधरा सेकंद सहज जमू लागले की एक पेला वाढवायचा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, रोज नाही. स्नायू लवकर सुधारतात, पण कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या फार सावकाश बळकट होतात. घाई केली की आधी त्याच दुखतात. आणि श्रावणातल्या घामट हाताची तुलना जानेवारीतल्या कोरड्या हाताशी करू नका.

बोटं उघडणाऱ्या स्नायूंसाठी बादलीभर चाळलेली नर्मदेची वाळू पुरे. बांधकामावरून मागून आणता येते. हात मनगटापर्यंत खुपसून मूठ उघडायची. वाळूचा विरोध सगळीकडून येतो, त्यामुळे नुसत्या दाबण्याने हाताच्या आतल्या बाजूला पडणारा ताण तोलला जातो. मनगटासाठी भिजलेला जाड टॉवेल दोन्ही दिशांनी पिळा.

पकडीचा संबंध आयुर्मानाशी जोडला जातो, त्याबद्दल थोडं. ‘लॅन्सेट’मध्ये 2015 साली आलेल्या, भारतासह 17 देशांतल्या पाहणीत मुठीची ताकद पाच किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी जास्त आढळला. मूठ इथे साऱ्या शरीराच्या बळाची खूण आहे. कॅन उचलून आयुष्य वाढतं, असा अर्थ त्यातून काढू नये.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, दुखत असेल तर हा व्यायाम थांबवा. पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, तिथला सांधा झिजलेला असू शकतो आणि चिमटीचा जोर नेमका त्याच सांध्यावर पडतो. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास रोखून अजिबात उचलू नये.

पुढच्या भागात मुद्गल घेऊ. त्याच्या मुठीचा घेर आपल्या हाताला साजेसा कसा ठरवायचा, तिथून सुरुवात करू.