घरबसल्या जोडधंदा : खरा कसा ओळखावा?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील कुटुंबास आता आपला गूळ, काकवी किंवा कांदा-लसूण चटणी मोबाईलच्या साहाय्याने पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकास परभारे विकता येते. हा धंदा खरा आहे. परंतु त्याच मोबाईलवर ‘घरबसल्या हमखास उत्पन्न’ अशी आमिषेही येतात. या दोहोंतील भेद वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.

या बाबतीत २०१९ साली उघडकीस आलेले कडकनाथ प्रकरण बोधप्रद आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील एका कंपनीने शेतकऱ्यांकडून आगाऊ रक्कम घेऊन कडकनाथ जातीची पिले पुरविली, व पक्षी आणि अंडी आपणच चांगल्या भावाने परत घेऊ, असे करार केले. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरीही त्यात गुंतले. पुढे खरेदी थांबली, आणि पक्षी पोसण्याचा भार शेतकऱ्यांवर येऊन पडला. वास्तविक पक्षी अस्सल होता. झाबुआच्या कडकनाथ मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उणीव होती ती गिऱ्हाइकाची. एवढी महाग अंडी अखेर कोण विकत घेणार, याचा विचार झाला नाही.

म्हणून कोणत्याही योजनेत पैसे गुंतविण्यापूर्वी पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात :

(१) उत्पन्न कोठून येणार? माल विकून येत असेल तर तो धंदा होय. नवे सभासद आणल्यानेच मिळकत होत असेल, तर सभासद येण्याचे थांबताच सारा डोलारा कोसळतो. २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार अशा साखळी योजनांस मनाई आहे.

(२) काम देण्याआधी अनामत किंवा नोंदणी-शुल्क मागितले जाते काय? आरंभी किरकोळ कामाचे शे-दोनशे रुपये देऊन विश्वास संपादावा व नंतर मोठी रक्कम भरावयास लावावी, ही ठकांची नेहमीची रीत आहे.

(३) कंपनीचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासावा. खाद्यपदार्थ असल्यास चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावा. मात्र नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नव्हे.

(४) गिऱ्हाइकाकडून पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, असे समजावे.

धंदा नवा असल्यास प्रथम घरच्या थोड्या मालावर अनुभव घ्यावा; कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून आरंभ करू नये. इतके करूनही फसगत झालीच, तर संकोचाने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने हलविली जाते. सबब लवकर तक्रार केल्यास ती गोठविली जाण्याचा संभव अधिक असतो.