'शिराज' : शब्दांवाचून बोलणारा चित्रपट

मूकपट म्हणजे हाणामारी आणि हातवारे, असे आमच्या घरातल्या मुलांना वाटते. म्हणून त्यांना १९२८ सालचा 'शिराज' दाखवला. सोबत माझी आई आणि सासूबाई. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मी आईला मराठीत वाचून दाखवत होतो, सौ. तिच्या आईला कानडीत. मूकपटांच्या काळी थिएटरातही पाट्या अशाच मोठ्याने वाचत.

कथा ताजमहालाची. कुंभाराच्या घरी वाढलेली अनाथ सेलिमा आणि कुंभाराचा मुलगा शिराज. तिला पळवून गुलाम म्हणून विकतात, ती पोहोचते शहजादा खुर्रमच्या महालात. शिराज मागोमाग आग्र्याला जातो. सम्राज्ञी होण्याची हाव असलेली दालिया कारस्थान रचते आणि शिराजला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा होते. तो वाचतो, पण सेलिमा मुमताज महल होते. पुढे तिच्या कबरीसाठी आंधळ्या शिराजचाच नमुना निवडला जातो.

इतिहास वेगळा आहे. मुमताज ही आसफखानाची कन्या अर्जुमंद बानू. १६३१ मध्ये ती बुऱ्हाणपूरला वारली.

निर्माते हिमांशू राय यांनीच शिराज रंगवला. दिग्दर्शन जर्मनीच्या फ्रान्झ ऑस्टेन यांचे. शहाजहान झाले चारू रॉय, दालिया सीतादेवी. १९३४ मध्ये राय यांनी 'बॉम्बे टॉकीज' उभी केली. त्यांच्या पत्नी देविकाराणी पुढे बंगळूरजवळ स्थायिक झाल्या, हे कानडी वाचकांना ठाऊक असेलच.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने फिल्म दुरुस्त करून २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह पुन्हा दाखवली. हे भाग्य थोड्यांचेच. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, उरले अगदी मोजके. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई; कित्येक रिळे चांदीसाठी वितळवली गेली. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातला बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश'ही आज हाती नाही. कुणाच्या माळ्यावर जुनी रिळे असतील तर ती भंगारात देऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.

चित्रपट संपल्यावर आई म्हणाली, "बिचाऱ्याला काय मिळालं गं?"

सासूबाई लगेच उत्तरल्या, "अवनिगे ताजमहाल सिक्तल्ल!"

दोघी विहिणींचा वाद अजून मिटलेला नाही.