चिंच, तांबं आणि तलावाचा हीटर

तांब्याचा बंब चिंचेनं घासला की लखलखायचा, कारण आम्लानं वरचा काळा थर खाल्लेला असायचा. पोहण्याच्या तलावाच्या हीटरमध्ये नळी तांब्याची असेल तर तिथंही हेच चालतं, फक्त घासणारा हात दिसत नाही. पाण्याचा पीएच सातच्या खाली उतरला की पाणी ती नळी आतून रात्रंदिवस कुरतडतं. तांबं पाण्यात उतरतं, पाण्याला हिरवट झाक येते, पांढऱ्या केसांवरही ती चढते. सोसायटीची कमिटी म्हणते शेवाळ झालं, आणि आणखी क्लोरीनच्या गोळ्या टाकते. ट्रायक्लोरच्या त्या गोळ्या मुळातच आम्लधर्मी!

हीटरच्या प्रकारांत पुण्यासारख्या हवेत सोयीचा पडतो तो हीट पंप, म्हणजे उलटा फिरवलेला एसी. पंखा बाहेरची हवा कॉइलवरून ओढतो, आतला गॅस तिच्यातली उष्णता घेतो, कंप्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो आणि तो गॅस ती उष्णता पाण्याला देतो. हवा उबदार असेल तर एका युनिट विजेत चार-पाच युनिट उष्णता मिळते. डिसेंबरच्या पहाटे, नेमकी गरज असते तेव्हा, हे प्रमाण घसरतं.

हिशेब मात्र कुणी मांडत नाही. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी मावतं. ते एक अंश तापवायला साधारण 545 युनिट उष्णता लागते. 100 किलोवॉट उष्णता देणारं यंत्रही एका अंशाला साडेपाच तास घेणार. शनिवारी सकाळी बटण दाबून रविवारी पाहुण्यांना कोमट पाण्यात उतरवू म्हणणाऱ्यांनी मग मेकॅनिकवर ओरडू नये.

जाणता मेकॅनिक आधी हीटर उघडतच नाही. तो वाळूच्या फिल्टरचा प्रेशर गेज बघतो. फिल्टर तुंबला की पाण्याचा ओघ घटतो, फ्लो स्विच यंत्र बंद पाडतो आणि तक्रार येते, ‘हीटर गेला’. बॅकवॉश दिला, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुतली, की तो पुन्हा सुरू. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये आहे का, हे त्यानंतर. बोअरचं पाणी जड असेल तर उलटं दुखणं: नळीत क्षार बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही.

तिसरी नजर पाइपांच्या क्रमावर. पंप, फिल्टर, हीटर आणि शेवटी क्लोरिनेटर. मधे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पंप बंद असताना तीव्र क्लोरीनचं पाणी मागं सरकून हीटरमध्ये मुरतं. नळी फुटून ते पाणी गॅसच्या बाजूला शिरलं, तर कंप्रेसरही जातो. तेव्हा डागडुजीपेक्षा नवं यंत्र परवडतं, आणि ते घेताना नळी टायटॅनियमची आहे का, एवढं विचारावंच. क्लोरीन आणि मीठ ती निमूट सोसते.

एवढं करूनही उष्णता निसटते ती बहुतांश वरून, वाफेच्या वाटेनं. एक लिटर पाणी उडून जाताना जवळपास 580 लिटर पाणी एका अंशानं थंड करून जातं. त्यावर इलाज आहे साधं प्लास्टिकचं कव्हर. पण ते रोज रात्री ओढायला दोन माणसं लागतात, वॉचमन एकच असतो. म्हणून ते पंपरूमच्या भिंतीशी गुंडाळून उभं.