हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही!

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये काही मजकूर यंत्रासाठी असतो, काही माणसासाठी. माणसासाठी असतो त्याला कॉमेंट म्हणतात. यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती खोडली तरी काम बिनबोभाट चालते. मग लिहायची कशाला? तर उद्या तो प्रोग्रॅम ज्याच्या हाती पडेल त्या बिचाऱ्यासाठी! ज्यांची मुले-सुना ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहेत त्यांना हे ठाऊक असेल. पण त्यात मराठीच्या मास्तराने नाक खुपसावे असेही पुष्कळ आहे.

यंत्राच्या अगदी अंगाशी काम करणारे जे प्रोग्रॅम असतात, त्यांतल्या आज्ञा फार तुटक. तिथे कॉमेंटवाचून गत्यंतर नाही. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो ११ च्या संगणकाचा प्रोग्रॅम आज कुणालाही वाचता येतो. रडारचा अँटेना जागेवर नसेल तर संगणक अंतराळवीराला तो फिरवायला सांगतो. शेजारी कॉमेंट आहे, तिचा अर्थ असा : कृपा करून ते खुळे धूड फिरवा! ‘फिरवला’ अशी कळ दाबली गेली की संगणक पुन्हा तपासणीकडे वळतो. तिथे शेरा : खोटे बोलतोय का पाहा. थट्टा खरीच, पण दुसऱ्यांदा का तपासायचे ते चार शब्दांत कळते.

आता उलट उदाहरण. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचली. तिच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीवर सिडनीचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी सविस्तर भाष्य लिहिले. त्यांनी ओळींना दिलेल्या क्रमांकांत २२३८ वी ओळ अजरामर झाली : ‘हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही.’

प्रकरण असे. संगणक एक, त्यावर काम करणारे अनेक. एकाचे काम मध्येच थांबवायचे, ते कुठवर आले त्याची खूण ठेवायची आणि दुसऱ्याचे काम त्याच्या खुणेपासून पुढे चालवायचे. म्हणजे दारातून आत गेला गोविंदा आणि बाहेर आला सोपान! कॉमेंटमध्ये काय घडते ते आधी दोन वाक्यांत सांगितले होते आणि मग हे वाक्य. कित्येकांना ते उर्मट वाटले. रिचींनी पुढे खुलासा केला की, ‘हे परीक्षेला येणार नाही’ एवढ्याच भावनेने ते लिहिले होते. (आम्हीही वर्गात असे म्हणतो, आणि मुले लगेच वही मिटतात.) पण त्याच खुलाशात त्यांनी अधिक मोलाची कबुली दिली. खरी अडचण ही की काय चालले आहे ते आम्हालाही समजले नव्हते! पीडीपी-११ या यंत्राच्या कम्पायलरची परतण्याची रीत सदैव एकच असे, म्हणून ती युक्ती चालून गेली. इंटरडेटा यंत्रावर ही रीत जागोजाग बदलू लागली आणि युक्ती कोलमडली. ती यंत्रणाच बदलावी लागली.

ती कॉमेंट आमच्याकडे तपासायला आली असती तर? शेवटचे वाक्य खोडून आम्ही समासात ‘का चालते?’ एवढेच लिहिले असते. ‘असे घडते’ हे लिहिणे सोपे. ‘अमुक आहे म्हणून असे घडते’ हे लिहू लागले की ‘म्हणून’पाशी लेखणी अडते, आणि पीडीपी-११ चे नाव तिथेच घ्यावे लागले असते.

लिनक्सच्या कर्नलची नियमावली आज हेच सांगते : कोड कसा चालतो ते कॉमेंटमध्ये सांगत बसू नका, काय करतो ते सांगा आणि जमल्यास का ते. प्रोसेसर वेगासाठी स्मृतीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम बदलतात. तो बदलू नये म्हणून जी आज्ञा घालतात तिला मेमरी बॅरिअर म्हणतात. तिच्याजवळ कॉमेंट नसेल तर कर्नलचे तपासनीस साधन कुरकुरते. ते योग्यच आहे. पण ‘येथे बॅरिअर आहे’ अशी कॉमेंट लिहिली तरी साधन गप्प बसते, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याऐवजी ‘आधी माहिती लिहून झाली पाहिजे, मगच तयार असल्याची खूण, नाहीतर दुसरा प्रोसेसर अर्धवट माहिती वाचेल’ असे लिहिले, तर ती आज्ञा निरुपयोगी समजून काढू पाहणारा हात थांबेल.

कॉमेंटमधले शुद्धलेखन सुधारून पुष्कळ नवशिके कर्नलच्या कामात पहिले पाऊल टाकतात. जुने जाणते कधी कधी वैतागतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा करण्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला त्या मुलांबद्दल ममत्वच वाटते. फक्त एखाद्याने ‘म्हणून’ नसलेली कॉमेंट हुडकून ती पुरी केली, तर त्याला आम्ही चार गुण जास्त देऊ.